परिमाणवाचक शब्द (इंग्रजी व्याकरण)

'मेनी', 'मच', 'सम', 'फ्यू', 'ऑल' असे संख्या वा परिमाण सांगणारे इंग्रजी शब्द जुन्या शालेय व्याकरणांत विशेषणे मानले जातात, तर आधुनिक व्याकरण त्यांना बहुधा निर्धारक (नामाआधी येऊन ते कोणते वा किती हे सांगणारे 'द', 'धिस' यांसारखे शब्द) या वेगळ्या वर्गात ठेवते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये विशेषणांचे वर्णनपर आणि मर्यादक असे दोन भाग करून निर्धारकांना दुसऱ्या भागात जागा दिली. भाषाशास्त्रज्ञ हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या इंग्रजी व्याकरणात मात्र ते विशेषणांपासून पूर्णपणे अलग झाले.

संख्याविशेषण हा प्रकार शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला हे वर्गीकरण चटकन पटत नाही, आणि त्याचे कारण मराठीच्या घडणीतच आहे. थोडा भात, थोडी आमटी, थोडे बांगडे यांत 'थोडा' हा शब्द 'चांगला'प्रमाणेच लिंगवचनानुसार बदलतो. कोकणात आंब्याची आढी उघडल्यावर "पिकलेले बाजूला काढा, थोडे शेजारी द्या" असे सहज म्हटले जाते. 'पिकलेले' आणि 'थोडे' हे दोन्ही शब्द नामावाचून सारखेच उभे राहतात. इंग्रजीत 'सम' असा एकटा चालतो, पण 'राइप'ला 'वन्स'चा (ones) आधार द्यावा लागतो. ('द रिच', 'द पूअर' हे अपवाद मुख्यतः माणसांच्या वर्गापुरते आहेत.) त्याचप्रमाणे 'मेनी ऑफ द मँगोज' शुद्ध आहे, 'राइप ऑफ द मँगोज' नाही.

केवळ अर्थावरून वर्ग ठरवता येत नाही, हे 'न्यूमरस' या शब्दावरून सर्वांत स्पष्ट दिसते. त्याचा अर्थ 'मेनी'सारखाच, तरीही प्रमाण इंग्रजीत 'न्यूमरस ऑफ द मँगोज' म्हणत नाहीत; म्हणून 'न्यूमरस' हे विशेषणच ठरते. 'अ लॉट ऑफ' ही तर मुळात नामाची रचना आहे, पण क्रियापदाचे वचन तिच्यापुढील नामाप्रमाणे ठरते.

सीमारेषेवर उरतात ते 'मेनी', 'मच', 'फ्यू' आणि 'लिटल'. 'मेनी, मोअर, मोस्ट' अशी तरतमभावाची रूपे त्यांना विशेषणांप्रमाणे होतात, आणि 'द मेनी मँगोज' असे ते 'द'नंतरही येतात, जे 'सम'ला कधीच जमत नाही. 'आंबे पुष्कळ आहेत' हे मराठीत रोजचे वाक्य आहे. 'द मँगोज आर मेनी' हे मात्र इंग्रजीत ग्रांथिक वाटते आणि 'द मँगोज आर सम' होतच नाही. त्यामुळे 'सम' आणि 'एव्हरी' यांना विशेषण म्हणणे चुकीचे आहे, पण 'मेनी'ला तसे म्हणणाऱ्या जुन्या व्याकरणकारांच्या बाजूने काही पुरावा निश्चित आहे.