परदेशात ऑपरेशन केलं की सुटलो?

इंदुरात कुणाच्या मुंजीत वजनाचा विषय निघाला की एक सल्ला ठरलेला: 'तुर्कस्तानात जा, आठवड्यात ऑपरेशन करून परत या, मग सराफ्याच्या खाऊगल्लीत हवं ते खा.' वर्षानुवर्षं फिरतोय हा सल्ला. साफ चुकीचा आहे.

वजन कमी करण्यासाठीच्या या 'स्लीव्ह' ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते केळ्याएवढी नळी. सुरुवातीला पाणीसुद्धा घोट-घोट मोजून प्यायचं. मग वरणाचं पाणी, मग मऊ भात. पोहे-जलेबीची प्लेट विसराच. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभराच्या. खाणं सैल सोडलं तर वजन परत चढतं, मग सर्जन कुठलाही असो.

खरी भीती वेगळीच. जठराच्या शिवणीतून गळती झालीच तर ती पुष्कळदा घरी परतल्यावर कळते. ताप, छातीत धडधड, पोटात कळा. आणि इथला डॉक्टर विचारतो, ऑपरेशनचे कागद कुठे आहेत? लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहेच.

बरं, दुर्बिणीतून हे ऑपरेशन इंदुरातही होतं. आपल्या आरोग्य विम्यात ते बसायला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४० किंवा अधिक लागतो. मधुमेहासारखा आजार आटोक्यात येत नसेल तर ३५. परदेशातल्या बिलाला मात्र साधी पॉलिसी सहसा हात लावत नाही.

तरीही जायचंच असेल, तर तिकिटाआधी इथला एक सर्जन गाठा आणि विचारा: परत आल्यावर मला तुम्ही बघाल का?