युद्धकाळातले नागरी संरक्षणाचे बिल्ले : घेण्याआधी मागची बाजू पाहा

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटनचे एआरपी बिल्ले, म्हणजे हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या नागरी सेवेचे बिल्ले, आमच्याकडे विक्रीला आणि तपासणीला येतात. 'चांदीचा आहे ना?' असं ग्राहक आधी विचारतात. पण चांदीचा म्हणजे दुर्मीळ, असं समजू नका. वर मुकुट आणि खाली एआरपी ही अक्षरं असलेला हा बिल्ला शिल्पकार एरिक गिल यांनी रेखाटला. रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, तो मोठ्या संख्येने बनवला, त्यामुळे तो आजही सहज मिळतो.

तरीही संग्रहाची सुरुवात त्यापासूनच करावी, कारण नजर तयार होते ती याच बिल्ल्यावर. मागे कोटाच्या काजात अडकवायची चंद्रकोर असेल तर तो पुरुषांचा, पिन असेल तर स्त्रियांचा. भिंगातून हॉलमार्क, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचे शिक्के, पाहा: चालता सिंह, बिबट्याचं मुख आणि वर्षाचं अक्षर. लंडनच्या हॉलमार्कमध्ये ए म्हणजे १९३६, बी म्हणजे १९३७, असं ते पुढे जातं. पुढे चांदीऐवजी साधा पांढरा धातू आला, त्यावर हॉलमार्क नसतो. म्हणून तो नकली ठरत नाही.

खरे दुर्मीळ बिल्ले नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी आपापल्या पथकांसाठी थोडे-थोडे करून घेतलेले. सहायक अग्निशमन सेवेचे स्थानिक बिल्ले त्यातलेच, आणि नकलाही त्यांच्याच जास्त. अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल किंचित लहान भरते, अक्षरांच्या कडा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. जुनं मीनाकाम काचेचं, कठीण असतं. रंगाचा भाग प्लॅस्टिकसारखा मऊ वाटला तर आम्ही तो बिल्ला घेत नाही.

मुकुटावरूनही फसगत होते. राजाच्या काळातल्या बिल्ल्यांवरचा मुकुट नंतरच्या राणीच्या काळातल्या मुकुटापेक्षा वेगळ्या आकाराचा असतो. सिव्हिल डिफेन्स कोअर ही नागरी संरक्षणाची संघटना १९४९ मध्ये, युद्धानंतर सुरू झाली. तेव्हा सहावे जॉर्ज गादीवर होते, त्यामुळे तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यांवरही राजाचाच मुकुट आहे. तेवढ्यावरून बिल्ला युद्धकाळातला धरू नका.

एक कळकळीची विनंती: बिल्ला पॉलिश करू नका. घासल्याने हॉलमार्क पुसट होतो, आणि गेलेली झळाळी परत आली तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. रबर आणि लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

तपासणीसाठी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले, आणि बिल्ल्याचं वजन पाठवा. बिल्ल्यासोबत जुनं ओळखपत्र वा नेमणुकीचं पत्र असेल तर ते वेगळं करू नका, एकत्रच ठेवा.