भूगोल आणि भूविज्ञान शिकवणाऱ्या नागपूरच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

नववीच्या भूगोलातले ‘अंतर्गत हालचाली’ आणि ‘बाह्यप्रक्रिया’ हे पाठ शिकवायला नागपूरसारखी जागा शोधून सापडायची नाही. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक, कामठीकडे गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि रामटेकच्या वाटेवर मनसर-कांद्रीला मँगनीज. टाकळीच्या जीवाश्मांवर स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकातच काम केले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय इथे आहे आणि भारतीय खाण ब्यूरोचे तर देशाचे मुख्यालयच इथे आहे. तरीही या कार्यालयांच्या फाटकातून आत गेलेले शाळाशिक्षक मला फार थोडे भेटतात. इच्छा नसते असे नाही. अर्ज कोणाच्या नावे करायचा, कोणामार्फत पाठवायचा आणि प्रशिक्षण झाल्यावर ते सेवेत धरले जाईल का, इथे गाडी अडते. म्हणून ही माहिती.

आधी 50 तासांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. सीबीएसई शाळांत याची विभागणी ठरलेली आहे: 25 तास मंडळाच्या किंवा शासकीय संस्थांच्या प्रशिक्षणातून आणि 25 तास शाळेच्या किंवा शाळासमूहाच्या पातळीवर. राज्य मंडळाच्या शाळांत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (पुणे), तिच्या हाताखाली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे आपले डायट आणि त्याखाली गटसाधन केंद्र व केंद्रप्रमुख अशी उतरंड आहे. प्रशिक्षणाच्या याद्या याच वाटेने खाली येतात. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्रासाठीही कार्यक्रम घेते. पण तिथे जाणाऱ्यांची नावे सहसा राज्याकडून कळवली जातात, म्हणून आपले नाव डायटच्या विषयतज्ज्ञांच्या यादीत असणे महत्त्वाचे. ‘भूगोल विषयासाठी साधनव्यक्ती म्हणून काम करण्यास इच्छुक’ असे साधे पत्र मुख्याध्यापकांमार्फत डायटला देऊन ठेवावे.

वरिष्ठ वेतनश्रेणी (12 वर्षे सेवा) आणि निवडश्रेणी (24 वर्षे सेवा) यांचे प्रशिक्षण या हिशेबात मिसळू नका. ते वेतनश्रेणीसाठी असते आणि त्याची नोंदणी परिषद स्वतंत्रपणे जाहीर करते. त्यातून भूविज्ञान शिकायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

पात्र कोण?

आपल्याकडे शाळेत ‘भूविज्ञान’ नावाचा स्वतंत्र शिक्षक नसतो. दहावीपर्यंत हा विषय भूगोल आणि विज्ञान यांत विभागलेला आहे आणि कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल किंवा भूशास्त्र म्हणून येतो. त्यामुळे अर्जातली पहिली अडचण पात्रतेच्या रकान्यातच येते. बी.एड. ला भूगोल किंवा विज्ञान ही अध्यापन पद्धती असेल तर प्रश्न नाही. इतिहासाची पदवी असून शाळेत भूगोलाच्या तासिका घेणारे शिक्षक मात्र ‘आपण बसत नाही’ असे समजून अर्जच करत नाहीत. त्यांनी मुख्याध्यापकांच्या सहीचा चालू वर्षाचा कार्यभार तक्ता जोडावा. प्रत्यक्ष भूगोल शिकवता हे सिद्ध करणारा तोच खरा पुरावा.

शिक्षणसेवकांनाही प्रशिक्षण घेता येते. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांकडे शालार्थ (शासनाच्या वेतनप्रणालीतला) क्रमांक नसेल, तर संस्थेचा नियुक्ती आदेश आणि शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक द्यावा. केंद्रीय विद्यालयाच्या शिक्षकांची सेवांतर्गत शिबिरे केंद्रीय विद्यालय संगठनाकडूनच लागतात, त्यांचा मार्ग वेगळा.

अर्ज कोणत्या मार्गाने?

सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच: आधी परवानगी, मग प्रशिक्षण. उत्साहाच्या भरात रजा टाकून केलेले उत्तम शिबिर नंतर कागदावर आणताना फार त्रास होतो, कारण तो काळ कर्तव्यार्थ, म्हणजे रजेचा नव्हे तर कामाचा, धरण्याचा आदेश मागाहून सहसा मिळत नाही.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, संस्थेच्या माहितीसह, शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नागपूर यांच्याकडे जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचा केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे. महानगरपालिकेच्या शाळांचा पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. कनिष्ठ महाविद्यालयाचा प्राचार्यांमार्फत शिक्षण उपसंचालक कार्यालयाकडे. एका दिवसाचा कार्यक्रम, तोही सुटीच्या दिवशी असेल, तर बहुतेक वेळा मुख्याध्यापकांची लेखी परवानगी पुरते. तरीही ती लेखीच हवी.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची मुदत जवळ आली असेल, तर तिला अर्जाची आगाऊ प्रत पाठवावी आणि त्यावर ‘मूळ अर्ज यथायोग्य मार्गाने पाठवला आहे’ असे लिहावे. मूळ अर्ज कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. पुढे विचारणा करायची वेळ आली की तो क्रमांकच कामी येतो. कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी अर्ज पोहोचावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि निवडणुकीच्या काळात नेमणुका निघतात, त्या तारखांना परवानगी मिळणे अवघडच.

कागदपत्रे

कार्यक्रमाचे माहितीपत्रक सर्वांत वर लावा. त्यात आयोजक संस्थेचे नाव, तारखा आणि एकूण तास स्पष्ट दिसले पाहिजेत. मोबाईलवर आलेले रंगीत पोस्टर पुरेसे नाही. त्याखाली मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र, नियुक्ती आदेश आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी नेमणुकीला दिलेल्या वैयक्तिक मान्यतेची प्रत, पदवी व बी.एड. ची प्रमाणपत्रे, कार्यभार तक्ता आणि ओळखपत्राची प्रत. शालार्थ क्रमांक आणि यूडायस क्रमांक अर्जातच लिहावेत.

यात एक कागद बहुतेकजण जोडत नाहीत, आणि अर्ज अडतो तो त्याच्यावाचूनच: पर्यायी तासिका व्यवस्था. तुमच्या गैरहजेरीत कोणत्या वर्गाची कोणती तासिका कोण घेणार याचा छोटा तक्ता करून त्या सहकाऱ्यांच्या सह्या घ्या. मुलांचे नुकसान होणार नाही, हे अधिकाऱ्यांना एका नजरेत कळले पाहिजे.

नाव सर्व कागदांवर सारखे असावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांनी राजपत्राची किंवा विवाह नोंदणी दाखल्याची प्रत सोबत ठेवावी.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, नागपूर.

मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव व यूडायस क्रमांक)

विषय: भूविज्ञानविषयक प्रशिक्षणास उपस्थित राहण्यास परवानगी मिळणेबाबत व सदर कालावधी कर्तव्यार्थ धरणेबाबत.

महोदय,
मी वरील शाळेत (दिनांक) पासून सहायक शिक्षक पदावर कार्यरत असून इयत्ता (…) ते (…) ला भूगोल विषयाचे अध्यापन करतो/करते. (संस्थेचे नाव) यांनी दिनांक (…) ते (…) या कालावधीत (…) तासांचे प्रशिक्षण आयोजित केले आहे. त्यातील घटक इयत्ता (…) च्या पाठ्यपुस्तकातील (पाठांची नावे) या पाठांशी थेट संबंधित आहेत. माझ्या अनुपस्थितीतील तासिकांची व्यवस्था सोबत जोडली आहे. प्रशिक्षणानंतर अहवाल सादर करीन व केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहकारी शिक्षकांसमोर या विषयाची मांडणी करीन. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.

आपला/आपली विश्वासू,
(नाव, शालार्थ क्रमांक, सही)

पाठांची नावे लिहिण्याचा कंटाळा करू नका. ‘ज्ञानात भर पडेल’ या वाक्याने अर्ज पुढे सरकत नाही. ‘नववीचा बाह्यप्रक्रिया हा पाठ शिकवण्यासाठी’ असे लिहिले की वाचणाऱ्याला कारण पटते.

नागपुरातच मिळण्यासारखे

इथल्या वैज्ञानिक संस्थांकडून शाळाशिक्षकांसाठी वर्षभराचे तयार वेळापत्रक येईल म्हणून वाट पाहत बसू नये. भेट मागावी लागते, आणि ती एकट्याने मागण्यापेक्षा गटाने मागावी. एका तालुक्यातल्या किंवा शाळासमूहातल्या 20-25 भूगोल शिक्षकांनी एका मुख्याध्यापकाच्या पत्रशीर्षावर विनंती केली, सोबत नावे आणि सोयीच्या दोन-तीन तारखा दिल्या, तर समोरच्या कार्यालयालाही नियोजन करणे सोपे जाते. तेच पत्र डायटला देऊन हा दिवस प्रशिक्षणाचा धरावा अशी मागणी त्याच वेळी करावी. तास मोजले जायचे असतील तर हे कार्यक्रमाआधीच व्हायला हवे.

पत्र कोणाला पाठवावे? सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. 1851 साली स्थापन झालेली ही संस्था खाण मंत्रालयाखाली येते आणि ‘भूविसंवाद’ या नावाने शाळा-महाविद्यालयांसाठी व्याख्याने घेते. ओळखीचे खडक आणि खनिजे हातात घेऊन ओळखायला शिकणे, एवढीच मागणी पत्रात ठेवली तरी एक दिवस सार्थकी लागेल. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आहे आणि तिथे मृदा संग्रहालय आहे. मातीचे उभे छेद थरांसह पाहिले की विदर्भातल्या काळ्या जमिनीबद्दल वर्गात बोलताना शब्द आपोआप बदलतात. व्हीएनआयटीच्या परिसरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, सिव्हिल लाइन्सला केंद्रीय भूजल मंडळाचे मध्य क्षेत्र कार्यालय, विमानतळाजवळ प्रादेशिक हवामान केंद्र. विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही अमरावती रोडवरच आहे, आणि क्षेत्रभेटीसाठी मार्गदर्शक मागायचा असेल तर तिथूनच सुरुवात करावी. गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र विज्ञान शिक्षकांना ओळखीचे आहेच.

क्षेत्रभेटीबद्दल थोडे सविस्तर. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 55 ओ/4 हा स्थलनिर्देशक नकाशा घेऊन निघा, नागपूर शहराचा मोठा भाग त्यावर आहे. शहराच्या पश्चिमेला रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत बेसाल्टचे गोलाभ विदारण दिसते: खडकाचे कांद्यासारखे सुटणारे पापुद्रे आणि मधला घट्ट गोळा. विदारण शिकवण्यासाठी याहून चांगले साधन विकत मिळत नाही. खाणीची भेट हवी असेल तर खाण व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागते. 2025 पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम 1952 च्या कलम 45 प्रमाणे 18 वर्षांखालील व्यक्तींना खाणीत मनाई होती. म्हणून शिक्षकांचाच गट न्यावा, विद्यार्थ्यांच्या सहलीचा विचार असेल तर आजचा नियम आधी खाण व्यवस्थापनाला विचारावा. हे माहीत नसल्याने सहलीचे अर्ज करून निराश होणाऱ्या शाळा आहेत. दौरा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवा, मे महिन्यातल्या उन्हात उघड्या खडकावर उभे राहणे धोक्याचे आहे.

घरबसल्या

केंद्र शासनाच्या दीक्षा पोर्टलवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत. नोंदणी करताना नाव शालार्थमधल्या नावाप्रमाणे टाका, प्रमाणपत्रावर तेच छापले जाते. तिथल्या ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत चाचणीला 70 टक्के गुण लागतात.

विषयाच्या खोलीसाठी मात्र मी स्वयम-एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे पाहीन. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सुमारास, अभ्यासक्रम सुरू होतात आणि त्यांत भूशास्त्राचेही असतात. शिकणे मोफत, केंद्रावरच्या परीक्षेला शुल्क. अंतिम गुणांत 25 स्वाध्यायाचे आणि 75 परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 हवेत. व्याख्याने इंग्रजीत असतात आणि पातळी महाविद्यालयाची असते. पहिले दोन आठवडे जड जातात, पण शाळेतल्या शिक्षकाला हे झेपत नाही असे मुळीच नाही. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्गही चांगले आहेत. प्रमाणपत्रासाठी तिथे हजेरी मोजली जाते, म्हणून वर्गाची वेळ शाळेच्या वेळेशी ताडून मगच नोंदणी करावी.

इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून पदविका किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी उच्च शिक्षणाची परवानगी स्वतंत्र अर्जाने घ्यावी. प्रशिक्षणाची परवानगी इथे चालत नाही.

खासगी वेबिनार आणि गूगल फॉर्म भरताच येणारी प्रमाणपत्रे 50 तासांत धरली जातील असे गृहीत धरू नका. त्यातून शिकायला मिळत असेल तर जरूर बसा, पण पैसे भरण्याआधी मुख्याध्यापकांना किंवा डायटला विचारा.

प्रशिक्षण झाल्यावर

शेवटच्या दिवशी संस्थेकडून दोन वेगळे कागद घ्या: प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि तारीखवार उपस्थिती प्रमाणपत्र. दुसरा कागद मागितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, आणि कर्तव्यार्थ कालावधी मंजूर करताना कार्यालय तोच पाहते. शाळेत रुजू होताच हजर अहवाल द्या. आठवड्याभरात दोन पानी अहवाल, दोन्ही प्रमाणपत्रे आणि परवानगी आदेशाची प्रत जोडून सेवापुस्तिकेत नोंद घेण्याची विनंती करा. नोंदीवर मुख्याध्यापकांची सही झाली की त्या पानाची छायाप्रत स्वतःकडे ठेवा. शाळा बदलली, सेवापुस्तिका एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेली, की अशी प्रत दाखवावी लागते.