वेगळा विदर्भ

महाराष्ट्राच्या पूर्वेकडील ११ जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य व्हावे आणि नागपूर त्याची राजधानी असावी, ही मागणी. नागपूर विभागातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि अमरावती विभागातील अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ हे ते जिल्हे. राज्याच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ३१ टक्के भाग त्यांत येतो. मागणी करणाऱ्यांना ‘विदर्भवादी’ म्हणतात आणि ते एकमेकांना भेटले की ‘जय विदर्भ’ म्हणतात.

मागणीची मुळे महाराष्ट्र राज्यापेक्षा जुनी आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाड (साधारण आजचा अमरावती विभाग) निजामाकडून इंग्रजांकडे आले आणि पुढच्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. या प्रांताचा कारभार नागपुरातून चाले, पण त्यात हिंदी भाषक जिल्ह्यांचे पारडे जड होते. मराठी मुलुखाचा पैसा तिकडे जातो, ही तक्रार तेव्हाची. १९३८ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने मराठी जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करण्याचा ठराव केला. आज पुण्या-मुंबईबद्दल जे बोलले जाते, तेच तेव्हा जबलपूर-रायपूरबद्दल बोलले जात होते. म्हणून या मागणीला केवळ पश्चिम महाराष्ट्राचा द्वेष समजणे चूक आहे.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे आदी नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत व तांत्रिक शिक्षणात वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, सरकारने ठरावीक काळ नागपुरात येऊन बसणे आणि वर्षातून किमान एक अधिवेशन येथे घेणे, अशी आश्वासने त्यात होती. तो नेत्यांमधला शब्द होता, कायदा नव्हे. विदर्भातला माणूस आजही ‘करार पाळला नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो दिलेल्या शब्दाबद्दल बोलत असतो.

मागणी गुणदोषांवर सर्वांत नीट तपासली ती राज्य पुनर्रचना आयोगाने. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात तेव्हाच्या ८ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले. हे राज्य आपल्या पायावर उभे राहील, असा आयोगाचा हिशेब होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही एका भाषेचे एकच राज्य असण्याची गरज नाही, असे मांडून मराठी मुलुखाचे चार भाग सुचवले. शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मराठी-गुजराती अशा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. १ मे १९६० रोजी तो महाराष्ट्रात आला. विदर्भवादी १ मे हा काळा दिवस पाळतात.

राज्य कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर संविधानाच्या अनुच्छेद ३ मध्ये आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते आणि संसद साध्या बहुमताने निर्णय घेते. विधानसभेचे मत बंधनकारक नाही. द्विभाषिक राज्याला आव्हान देणाऱ्या बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले की, विधेयक संसदेत बदलले तरी ते विधानसभेकडे पुन्हा पाठवण्याची गरज नाही. नव्या राज्यासाठी लोकसंख्या, महसूल, अंतर यांचा कोणताही किमान निकष संविधानात नाही. २०११ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने आपल्याच राज्याचे चार भाग करण्याचा ठराव केला. पुढे काही झाले नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी त्याच वर्षी २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आला. दोन्ही ठिकाणी निर्णय झाला तो दिल्लीतल्या सोयीने.

विदर्भाच्या वाट्याला हीच सोय सतत आडवी आली. एकेकाळी वेगळ्या विदर्भाच्या बाजूने असलेले मा. सां. कन्नमवार १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी लोकनायक बापूजी अणे नाग विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. ‘विदर्भाचा वाघ’ जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉककडून जिंकले आणि १९८० मध्ये काँग्रेसकडून. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरला छोट्या राज्यांच्या बाजूने ठराव केला. पण २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाले तेव्हा विदर्भ वगळला गेला, कारण मित्रपक्ष शिवसेना अखंड महाराष्ट्रावर ठाम होती. काँग्रेसमध्ये वसंत साठे, एन. के. पी. साळवे यांनी ही मागणी लावून धरली, पक्षाने ती घेतली नाही. विरोधात असताना मोर्चात दिसणारा नेता मंत्री झाला की ‘योग्य वेळी निर्णय’ म्हणतो, हे नागपूरकरांनी सर्व पक्षांत पाहिले आहे. वेगळ्या विदर्भाची बाजू उघडपणे घेणारे राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना २०१६ मध्ये, मराठवाड्याच्याही वेगळ्या राज्याची भाषा केल्यावर, पद सोडावे लागले.

विदर्भाबाहेर फारसा माहीत नसलेला पण इथल्या बोलण्यात रोज येणारा शब्द म्हणजे अनुशेष. इतर भागांच्या तुलनेत सिंचन, रस्ते, वीजपंप यांत राहून गेलेली तूट. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो राज्यभर सुमारे ३,१८७ कोटी रुपये मोजला. त्यातला ३९ टक्के विदर्भाचा होता. अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. तो पुढे हजारो कोटींत गेला आणि शेतापर्यंत पाणी पोहोचायला पिढी उलटली. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांची राख आमच्या छतांवर आणि वीज राज्यभर, हे गाऱ्हाणे याच्याच जोडीचे. त्यात भर पडली २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेची: विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२, लोकसभेच्या ११ वरून १०. आवाज आणखी घटला.

विरोधाची बाजूही हलकी नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. वऱ्हाडात, विशेषतः बुलडाणा-अकोल्याकडे, उद्या नागपूरच आपली मुंबई होईल का, असे विचारले जाते. या प्रश्नाला विदर्भवाद्यांनी अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. केवळ विदर्भाच्या नावावर लढणाऱ्या पक्षांना अलीकडे मतेही मिळत नाहीत.

कराराचे डोळ्यांना दिसणारे अवशेष म्हणजे हिवाळी अधिवेशन. नोव्हेंबरमध्ये सिव्हिल लाइन्सच्या भिंतींना रंग लागतो, रस्त्यांवर डांबर पडते, आमदार निवासाच्या खोल्या उघडतात, मंत्रालयातून फायलींचे गठ्ठे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला लोखंडी कठड्यांशी अडतात. गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या अंगणवाडीताई रस्त्यावरच शिदोरी सोडतात. पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जाते, बाकीचे ‘लेके रहेंगे’ म्हणत बाहेर बसून राहतात. २०२० आणि २०२१ मध्ये हे अधिवेशन मुंबईतच उरकले गेले आणि विधानभवनाला कुलूप राहिले.