खाली घोंगडं, वर सतरंजी : घरात थरावर थर अंथरायची पार्श्वभूमी

आधी तळवट, त्यावर सतरंजी, सतरंजीवर जाजम, जाजमावर गादी, गादीवर पांढरी चादर आणि पाठीला लोड-तक्के. सांगलीत माझ्या मामांचा मंडपाचा धंदा होता आणि लग्नाच्या बैठकीचा हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ होता, कारण मे महिन्याच्या सुट्टीत टेम्पोतनं माल उतरवायला मी असायचो. आता 'रग लेअरिंग' म्हणून जे चाललंय, म्हणजे खाली मोठा साधा रग आणि त्यावर लहान नक्षीचा जरा तिरका टाकायचा, त्याचे फोटो बघितले की मला पहिल्यांदा मामांचं गोडाऊनच आठवतं. त्यामुळं ही पार्श्वभूमी मी तिथूनच लिहितोय.

लांबचा इतिहास थोडक्यात. इराणी घरात गालिचे अंथरायची ठरलेली मांडणी होती, मधे एक लांबरुंद, त्याच्या दोन्ही अंगांना दोन अरुंद पट्टे, आणि वरच्या बाजूला आडवा एक, जिथं मानाची माणसं बसायची. तुर्कस्तानात मशिदीला गालिचा अर्पण करायची चाल, त्यामुळं जुन्यावर नवा असे थर साठत गेले, कोन्या शहरातल्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ च्या सुमारास जे सेल्जुक सुलतानांच्या काळातले गालिचे उजेडात आले ते अशा साठवणीमुळंच टिकले. आपल्याकडं आईन-ए-अकबरीत, म्हणजे अकबराच्या कारभारावरच्या अबुल फजलच्या ग्रंथात, फर्राशखान्याचं (अंथरणं-तंबू ठेवायच्या खात्याचं) वर्णन आहे, त्यात गालिच्यांचं कौतुक करून झाल्यावर जाजम, शतरंजी आणि बारीक चटया यांचा उल्लेख येतो, आणि ते सगळं सांगत बसलो तर फार वेळ जाईल असं म्हणून विषय संपवलाय. पुढं १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर हिंदुस्थानी गालिच्यांना विलायतेत मागणी आली, तुरुंगांमधून माग बसले, आणि आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा १८९४ मध्ये राणीच्या विंडसरच्या वाड्यात पोचला. येरवड्याच्या तुरुंगातही गालिचे आणि सतरंज्या होत आल्यात. इतकं पुरे.

आता शब्दांकडं येतो, कारण खरा गुंता तिथं आहे.

सतरंजी म्हणजे 'सात रंगांची' असं आपल्याकडं सर्रास सांगतात. मीही लहानपणी मामांच्या सतरंज्यांवरचे रंग मोजले होते, निळा आणि लाल, फार तर पांढरी रेघ, चौथा रंग काही सापडला नाही. मामा म्हणायचे, 'पूर्वी असत्याल सात.' पण हे पटत नाही. शब्द फारसीतला शतरंजी आहे आणि शतरंज म्हणजे बुद्धिबळ, म्हणजे चौकटी-चौकटीचं विणलेलं ते शतरंजी. गंमत अशी की शतरंज हा शब्द मूळ आपल्या 'चतुरंग'वरनं इराणात गेला, म्हणजे इथला शब्द तिकडं जाऊन खेळाचं नाव घेऊन आला आणि मग जमिनीवर अंथरला गेला. बंगालीतही शतरंजीच म्हणतात, बांगलादेशातलं रंगपूर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिकडच्या कानाला त्यात 'शत' म्हणजे शंभर ऐकू येईल, आपल्या कानाला सात ऐकू येतात, पण शब्द एकच. आकडा ज्यानं त्यानं आपल्या भाषेतनं घातला. कुणी म्हणेल की काय फरक पडतो, सतरंजी ती सतरंजी, पण मला पडतो, कारण 'सात रंग' म्हटलं की ती शोभेची वस्तू वाटते. आईनमध्येसुद्धा ती गालिच्यांच्या नंतर, चटयांच्या रांगेत येते, रोज अंथरायची आणि झाडून गुंडाळायची.

जाजमाचं उलटं झालं. इराणकडं जाजिम म्हणजे पट्ट्या जोडून केलेलं लोकरीचं कापड, आपल्याकडं येईपर्यंत ते जाड सुती, बहुतेक छापील कापड झालं, आणि सतरंजीच्या वर गेलं. सांगली-मिरजेकडं आणखी एक शब्द आहे जमखाना, मोठ्या नक्षीदार सतरंजीला. हा विजापूरच्या बाजूचा, धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदला अजून जमखाने होतात, विजापूरहून तिकडं गेलेल्या घराण्यांतल्या बायका उभ्या मागावर विणतात, आणि त्याला जीआय टॅगही (त्या गावची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळालाय. मामांच्या वहीत सतरंजीचं भाडं वेगळं आणि जमखान्याचं वेगळं असायचं, साताऱ्यात मात्र आम्ही दोन्हीला सतरंजीच म्हणतो.

आणि सगळ्यात भारी शब्द फरशी. फर्श म्हणजे अंथरलेलं. फारसीत आजही फर्श म्हटलं की गालिचा. तो अंथरणारा फरास, सगळं सामान ठेवायची जागा फरासखाना, पुण्यात ते नाव अजून आहे. आपण तोच शब्द दगडाच्या लादीला लावला. म्हणजे अंथरणाचं नाव जमिनीला गेलं, आणि आता त्या जमिनीवर काय अंथरायचं ते परत शोधतोय.

खरा बदल पण ह्या जमिनीतच झाला. सारवलेली जमीन पायाला गार लागायची नाही फारशी, ती भुसभुशीत असते आणि शेण-मातीत हवा असते. मग शहाबादी आली, ती कलबुर्गीकडची चुनखडीची लादी, आमच्या साताऱ्याच्या घरात १९८० च्या दशकात बसवली. मग मोझॅक. आणि आता गुजरातेतल्या मोरबीची गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. टाइल खोलीतल्या हवेपेक्षा थंड नसते, ती पायातली ऊब पटकन ओढून घेते म्हणून थंड लागते. डिसेंबरात अजिंक्यताऱ्याकडनं वारं सुटलं की सकाळी सहाला आईला चप्पल घातल्याशिवाय किचनमध्ये जाता येत नाही. ह्यावर एक पातळ रग टाकला तर फरक पडतो, पण थोडाच. दोन थर टाकले की मधे हवा अडकते आणि खरं काम ती हवा करते, त्यामुळं खालचा थर जाड आणि लोकरीचा पाहिजे, वरचा कसाही चालतो.

हे जुन्या लोकांना कुणी शिकवायला लागलं नाही. आमची आजी पाटणकडची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, घरात जायची कुणाची छाती होईना, आणि ऐन थंडीत माणसं कितीतरी रात्री अंगणात झोपली. आजी सांगायची, खाली बारदान, त्यावर घोंगडं, घोंगड्यावर वाकळ, मग पोरं, आणि वरनं परत घोंगडं. बारदान ओल अडवायला, घोंगडं ऊब धरायला, वाकळ टोचू नये म्हणून. तिन्हीचं काम वेगळं आणि एक जरी काढलं तरी पोरं कुडकुडायची.

त्यातलं घोंगडंच आता मिळणं अवघड झालंय, आणि मला वाटतं ह्या विषयावर बोलणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे बोलायला पाहिजे.

घोंगडं दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीचं. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ह्या कमी पावसाच्या पट्ट्यात धनगर मेंढ्या राखायचे, वर्षातनं दोनदा कातरणी, आणि सणगर, म्हणजे घोंगडी विणणारा समाज, खड्डामागावर (जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायच्या मागावर) विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं आणि दोन-तीन पाण्यांनंतर मऊ पडतं. माझ्याकडं आजीचं आहे, मधोमध शिवण आहे, कडेला पांढऱ्या लोकरीच्या दोन रेघा, आणि पावसाळ्यात जवळ नाक नेलं तर अजून मेंढीचा वास येतो. लोकर आपल्या वजनाच्या तिसरा हिस्सा ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, मेंढपाळ भर पावसात डोक्यावर खोळ करून उभा राहतो ते ह्याच्याच जिवावर.

मग बदललं काय? आधी लोकर सुधारायची म्हणून मेरिनो, रॅम्बुलेसारख्या परदेशी नरांशी संकर करून बघितले, पण ऊन-पावसात मैलोनमैल चालणाऱ्या कळपाला ते मानवलं नाही. पुढं मटणाचा भाव वाढत गेला तसं सगळं लक्ष वजनाकडं गेलं. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच, भरदार, नाकाला बाक, पण अंगावर लोकर नावालाच, तिला मागणी वाढली. फलटणच्या एका संस्थेनं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला, म्हणजे एकीला दोन कोकरं. मेंढपाळाच्या घराला ह्याचा फायदा झाला आणि त्याला दोष द्यायचं काही कारणच नाही, लोकरीच्या पैशात कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नसेल तर त्यानं काय करावं. पण मेंढी सुधारायची म्हणजे काय सुधारायचं हे ठरवताना लोकर सुटून गेली, आणि तेव्हा मागावर बसलेल्या सणगराला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. काळी लोकर रंगवता येत नाही, राठ म्हणून गिरणी घेत नाही, त्यामुळं ती कातरून माळावर टाकून दिलेली मी स्वतः बघितलीय. आणि जगभर अशा राठ लोकरीला गालिच्याचीच लोकर म्हणतात. पायाखाली टाकायला हीच लागते, झिजत नाही, दबली तरी परत फुगते, पटकन पेट घेत नाही.

मंडपाच्या धंद्यात पण थर गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तशी खालची बैठक संपली, लोड-तक्के फक्त साखरपुड्याला निघायला लागले. २००५ च्या महापुरात मामांनी माल माडीवर चढवून वाचवला, २०१९ ला तेवढा वेळच मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर मी गेलो होतो, सुती सतरंज्या पाणी आणि गाळ पिऊन इतक्या जड झालेल्या की एकेक काढायला चार माणसं, आणि आठ दिवसांत सगळ्यांवर काळी बुरशी. त्यानंतर मामांनी लाल मॅटिंगचे रोल घेतले, एकच थर, कार्यक्रम झाला की कितीतरी वेळा टाकूनच द्यायचा. जमखाने दोन होते ते मामींनी उन्हात वाळवून, घासून वाचवले, त्यातला एक माझ्याकडं आलाय.

रग लेअरिंग आपल्याकडं आलं ते ह्या सगळ्यानंतर, फोटोंमधनं. दुकानात मिळतो तो बहुतेक पॉलिस्टरचा मशीनमेड माल, पाठीला रबराचा लेप. दिसायला छान असतो, मी नावं ठेवत नाही, पण पावसाळ्यात त्या लेपाखाली टाइलला घाम धरतो आणि वास येतो, आणि खालचा-वरचा दोन्ही तसलेच असले की ऊब फार येत नाही.

आमच्या हॉलमध्ये आता खाली आजीचं घोंगडं आहे, त्यावर मामांचा जमखाना, चारी बाजूंनी वीतभर काळी कड दिसेल असा. लाल-निळा रंग त्या काळ्यावर इतका उठून दिसतो की येणारा प्रत्येकजण आधी खालीच बघतो. घोंगड्याला कसर लागू नये म्हणून महिन्यातनं एकदा गच्चीत ऊन देतो आणि घडीत कडुनिंबाचा पाला. आईच्या खोलीसाठी दुसरं पाहिजे होतं म्हणून मागच्या महिन्यात म्हसवडला गेलो, चार घरं विचारत पाचव्या घरी माग चालू सापडला. विणणारे काका सत्तरीचे. चार बाय सहाचं माप सांगितलं तर म्हणाले, 'माप काय, कुठलंबी करू. काळी लोकर पुरंल एवढी गोळा हुंद्या. पुढच्या कातरणीनंतर फोन करा.'