वाइल्डरनेस: मेल्यावर हाती उरणाऱ्या 3 वस्तू

'अल्टिमा ऑनलाइन' या ऑनलाइन गेमने खेळाडूंच्या आपसातल्या खुल्या मारामारीचा तिढा 2000 साली जग दुभंगून सोडवला: ट्रॅमेलमध्ये अभय, फेलुकामध्ये मोकळं रान. ब्रिटनच्या गोवर बंधूंच्या 'रूनस्केप' या गेमने जग एकच ठेवलं आणि धोका उत्तरेकडे सरकवला. उत्तरेच्या या भागात, म्हणजे वाइल्डरनेसमध्ये, जितकं आत जाल तितकी धोक्याची पातळी वाढते. 10व्या पातळीवर 70 कॉम्बॅट लेव्हलच्या (लढाईतल्या एकूण ताकदीचा आकडा) खेळाडूवर 60 ते 80 मधला कुणीही हल्ला करू शकतो. 20च्या पुढे साधं टेलिपोर्टही (जादूने क्षणात दुसरीकडे जाणं) चालत नाही, पळायचं तर पायांनीच.

मेल्यावर सर्वांत महागड्या 3 वस्तू वाचतात. कुरापत तुम्ही काढली असेल तर डोक्यावर कवटी येते आणि एकही वाचत नाही. 'प्रोटेक्ट आयटम' ही गेममधली प्रार्थना चालू असेल तर एक जास्त वाचते. ती ऐन वेळी विसरणं हीच नवख्यांची नेहमीची चूक.

या लेव्हलच्या गणितातूनच 'प्युअर', म्हणजे मुद्दाम डिफेन्स न वाढवणारे खेळाडू, जन्मले. कौशल्यांमध्ये अटॅक 60, स्ट्रेंग्थ 90, हिटपॉइंट्स 85, पण डिफेन्स आणि प्रेयर 1 ठेवलं तर कॉम्बॅट लेव्हल 70 भरते. तेच डिफेन्स 70 केलं की 87. म्हणजे डिफेन्स न वाढवणाऱ्याला तेवढ्याच जोराच्या फटक्यानिशी कमकुवत प्रतिस्पर्धी मिळतात. मात्र चुकून डिफेन्सिव्ह स्टाइलने लढलात, तर 83 एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) डिफेन्स 2 होतं आणि मागे फिरता येत नाही.

10 डिसेंबर 2007 ला रूनस्केपच्या कंपनीने वाइल्डरनेसमधली ही मारामारी बंद केली. कारण होतं गेममधल्या सोन्याची खऱ्या पैशांत विक्री. गिऱ्हाइकाला सोनं पोचवायला ट्रेडची खिडकीच लागते असं नाही. विक्रेता वाइल्डरनेसमध्ये गिऱ्हाइकाच्या हातून मुद्दाम मेला आणि त्याचं पडलेलं सोनं गिऱ्हाइकाने उचललं, तरी काम होतं. त्यामुळे नुसता मुक्त व्यापार रोखून भागणार नव्हतं. पुढच्या वर्षीच्या पीव्हीपी वर्ल्ड्समध्ये (खेळाडूंनी आपसात लढण्यासाठीचे वेगळे सर्व्हर) तर हरलेल्याच्या वस्तूंऐवजी गेमनेच ठरवलेली लूट मिळे. जिंकलेल्याला समोरच्याचं नुकसान दिसेना, मग चव कसली!

अखेर 2011च्या जानेवारीत संपलेल्या सार्वमतात 91 टक्के कौल जुन्या वाइल्डरनेसच्या बाजूने पडला आणि 1 फेब्रुवारीला तो मुक्त व्यापारासकट परतला. तोवर बरेच प्युअर पांगले होते. 22 फेब्रुवारी 2013 ला सुरू झालेला 'ओल्ड स्कूल' हा रूनस्केपचा जुना अवतार मात्र बंदीच्या आधीच्या, ऑगस्ट 2007च्या बॅकअपवरून उभा राहिला. कवटी आणि 3 वस्तूंचा नियम त्यात आयताच आला.