तोर्चेल्लो: व्हेनिसच्या आधीचे बेट

452 साली हूणांचा राजा अत्तिला चालून आला, लोक जीव मुठीत धरून पळाले आणि खाजणातल्या बेटांवर त्यांनी नवे शहर वसवले, अशी कथा व्हेनिसबद्दल सांगितली जाते. त्याच खाजणातल्या तोर्चेल्लो बेटापुरती तरी ती अपुरी आहे. पळालेला माणूस वादळ शमले की घरी परततो. चिखलात पिढ्यान्‌पिढ्या राहायला पोटापाण्याची सोय लागते. इथे ती सोय मिठाची होती.

खाजणाच्या काठावर अल्तीनो हे भरभराटीचे रोमन गाव होते. 568 नंतर लोम्बार्ड ही जर्मानिक टोळी आली, मुख्य भूमीवरची बायझंटाईन (पूर्व रोमन) सत्ता आकसत गेली आणि सातव्या शतकात अल्तीनोच्या बिशपने आपले धर्मपीठ तोर्चेल्लोला हलवले. सांता मारिया आसुंता या चर्चच्या पायाभरणीचा शिलालेख 639 सालचा आहे. त्यात सम्राट हेराक्लियस आणि राव्हेन्नाचा बायझंटाईन सुभेदार इसाक यांची नावे आहेत. म्हणजे चर्च उभे राहिले ते सरकारी आश्रयाने, निर्वासितांच्या झोपड्यांतून आपोआप नव्हे.

त्याच्या शंभर वर्षे आधी, 537च्या सुमारास, कासिओदोरस या रोमन अधिकाऱ्याने खाजणातल्या वस्त्यांचे वर्णन केले आहे: पाणपक्ष्यांच्या घरट्यांसारखी घरे, दारात जनावरांसारख्या बांधलेल्या होड्या, लाटा थोपवायला विणलेल्या लवचीक फांद्यांचे कूड आणि नांगराऐवजी रूळ. हा रूळ मिठागरातला. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांतून पुढे पुढे सोडत आटवायचे. शेवटच्या वाफ्याचा तळ रुळाने घट्ट दाबलेला नसेल तर खारट पाणी जमिनीत मुरते आणि मिठात चिखल येतो. ऐन हंगामात पावसाची एक सर आली तरी धरलेले दाणे विरघळून जातात.

गोडे पाणी हा खरा प्रश्न. सभोवती पाणीच पाणी, पण पिण्याजोगे नाही. पुढे व्हेनिसभर रूढ झालेली युक्ती अशी: सुमारे पाच मीटर खड्डा खणायचा, आतून चिकणमातीचा जाड थर द्यायचा, मधोमध विटांची विहीर बांधून भोवती वाळू भरायची. अंगणातले पावसाचे पाणी वाळूतून गाळून विहिरीत उतरते. मातीच्या थराला तडा गेला किंवा मोठी भरती कठड्यावरून आत शिरली, की विहीर खारट होऊन बसते.

तरीही बेट वाढले. 1961-62च्या उत्खननात इथे काचभट्टीचे अवशेष सापडले. व्हेनिसने आगीच्या भीतीने भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या त्या 1291 मध्ये; तोर्चेल्लोची भट्टी त्याच्या कित्येक शतके आधीची. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाईनने तोर्चेल्लोची नोंद मोठी बाजारपेठ म्हणून केली. 1008 मध्ये बिशप ओर्सो ओर्सेओलो याने चर्चची मोठी पुनर्बांधणी केली.

मग ज्या नद्यांच्या मुखाशी असल्याने बेटाला व्यापाराची वाट मिळाली होती, त्याच नद्या त्याच्या मुळावर आल्या. सीले आणि देसे यांचा गाळ साचून कालवे उथळ झाले, होड्या अडू लागल्या. गोडे-खारे पाणी मिसळलेल्या दलदलीत बोरू माजला, डास वाढले, हिवताप आला. 1683 मध्ये सीलेचा प्रवाह खाजणाबाहेर वळवला, पण तोवर फार उशीर झाला होता. व्यापार आणि माणसे केव्हाच व्हेनिसकडे सरकली होती.

मागे राहिलेली घरे व्हेनिसच्या बांधकामांसाठी विटा-दगड पुरवणारी खाण बनली. अल्तीनोचा दगड होडीने तोर्चेल्लोला आला होता, तसाच तोर्चेल्लोचा दगड होडीने पुढे गेला. 639चा शिलालेख मात्र चर्चच्या भिंतीत अजून आहे.